पाटीलबाईंची इंग्लिश कवायत

शिंदखेड्यात प्रमिला पाटीलबाईंनी चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत नाच शिकवला आणि एकाही बापाला त्याचा पत्ता लागू दिला नाही. व्यायामशिक्षणाच्या कोर्सला असताना एका म्हाताऱ्या सरांनी त्यांना इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतले रांगेचे नाच शिकवले होते. बाईंना ते इतके आवडले, की नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी ते वेळापत्रकात घुसवले. 'नाच' म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी टोप्यांचा मोर्चा हेडमास्तरांच्या खोलीवर आला असता. म्हणून बाईंनी फळ्यावर 'इंग्लिश कवायत' असं लिहिलं. पोरीला इंग्लिशही येणार आणि अंगही धरणार, म्हणून पालक खूश झाले.

नाच तसा साधा. दोन रांगा समोरासमोर उभ्या करायच्या. मुलींच्या शाळेत मुलगे कुठून आणणार, म्हणून एका रांगेने कमरेला रुमाल बांधायचा. रुमालवाल्या त्या पुरुष. दर फेरीला वरची जोडी एक घर खाली सरकते आणि खालची वर चढते. शेवटच्या टोकाला पोचलेल्या जोडीने एक फेरी बाहेर थांबायचं आणि पुढच्या फेरीला परत आत यायचं. बाईंचे नियम दोनच होते. रांगेच्या मधून कुणी बाहेर पडायचं नाही, आणि बाहेर थांबायचं ते एकच फेरी. दुसऱ्या फेरीला जी बाहेर दिसेल, तिला बाई मैदानाला चार चकरा मारायला लावत.

बाई निवृत्त झाल्या, तेव्हा जुन्या मुलींनीच टुमणं लावलं. तेव्हापासून दर जानेवारीत एक शनिवार-रविवार गावाबाहेरच्या पाटलांच्या खळ्यात ही कवायत भरते. धुळ्याहून येतात, जामनेरहून येतात, एक तर सुरतेहून येते. कुणी सासू झालेली, कुणी गुडघ्याला पट्टा बांधलेली. सोबत कळण्याच्या भाकरी, मिरचीचा खुडा, शेवभाजीचं पातेलं. दोन दिवस नवरे काय खातात याची चौकशी कुणी करत नाही.

पहिल्याच वर्षी एक जण कमी पडली होती. लोटन नाना म्हणजे बाईंचे यजमान, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. बिचारे चहाची किटली घेऊन आले आणि बाईंनी हाताला धरून त्यांना समोर उभं केलं. नानांनी मुकाट्याने किटली खाली ठेवली आणि खांद्यावरचा रुमाल कमरेला बांधला. त्यानंतर दरवर्षी पहिल्या नाचाची पहिली जोडी बाई आणि नाना. नाना शेवटपर्यंत उजवा-डावा चुकत राहिले, पण जागा कधी सोडली नाही.

गेल्या जूनमध्ये नाना गेले. सात महिने बाई घरात बसल्या. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगे, "वरीस फिरू द्या." वर्ष फिरेपर्यंत लग्नाला जायचं नाही, हसायचं बेतानं. बाईंनी ऐकलं, कारण नानांचं दुःख त्यांना खरंच होतं. जेवताना अजूनही दोन ताटं घेतली जात. पण जानेवारी लागला आणि बाईंनी कपाटातून रुमालांची पिशवी काढून धुवायला टाकली.

बातमी त्यांच्या दिराला, हिलाल आबांना लागली. आबा म्हणजे भावकीतले मोठे माणूस. गावात कुणाच्या घरी काय शोभतं आणि काय शोभत नाही, हे ठरवण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलेलं. ते ओसरीवर येऊन बसले.

"वहिनी, भाऊले जाईसन सात महिना बी नही व्हयनात, आन् तुम्ही नाचशात? लोके काय म्हनतीन?"

"लोकेस्ले सांगा, कवायत शे," बाई म्हणाल्या.

"खळं दोन्ही भाऊस्नं शे, वहिनी."

"मंग आम्ही अर्धा खळामा नाचसूत."

आबा उठून गेले ते थेट फोनवरच बसले. मुलींच्या ग्रुपवर त्यांची एक भाची होती. तिच्याकडून निरोप टाकवला, की दुखवट्यामुळे यंदा कवायत नाही. बाईंना राग आला तो याचा. माझ्या दुःखाचा निरोप माझ्याआधी दुसराच कसा काय देतो? त्यांनी खाली एक ओळ लिहिली: 'कवायत आहे. मी उभी राहणार आहे. प्र. लो. पाटील.'

तरी निम्म्या मुली आल्या नाहीत. कुणाला संकोच वाटला, कुणाच्या घरच्यांनी अडवलं. शनिवारी सकाळी खळ्यात बाई धरून पंधराच जणी जमल्या. आबांची बायको यशोदाबाईही आली होती, पण ती नेहमीसारखी भिंतीपाशी बसली. सकाळीच आबांनी तिला जावेची समजूत घालायला पाठवलं होतं. समजूत राहिली बाजूला, ती रांगांकडे बघत होती.

धुळ्याला फौजदार असलेल्या दिपमालाने स्पीकर लावला. "बाई, पंधरा आहोत. एक जण जोडीविना राहते. तुम्ही बाहेरून हुकूम द्या ना," ती हळूच म्हणाली. पोरीचा हेतू चांगला होता. बाईंनी तिच्याकडे अशी नजर टाकली, की फौजदारीणबाई पुन्हा सातवी 'ब'मध्ये गेल्या.

बाई रांगेच्या वरच्या टोकाला उभ्या राहिल्या. समोर नानांची जागा तशीच मोकळी ठेवली. "लावा," त्या म्हणाल्या. मान ताठ होती.

तेवढ्यात फाटकातून हिलाल आबा आले. पांढराशुभ्र सदरा, खांद्यावर रुमाल. ते तरातरा दोन रांगांच्या मधून चालत थेट वहिनींसमोर आले आणि बरोबर त्या मोकळ्या जागेवर उभे राहिले. तोंड उघडणार, एवढ्यात स्पीकरवर सारंगीसारखं काहीतरी वाजू लागलं.

"पुढे दोन, मागे दोन!" बाईंनी हाळी दिली.

आबांच्या शेजारी दिपमाला होती. सवयीने तिने हात धरला, आणि फौजदाराने धरलेला हात सोडवून घ्यायची हिंमत आबांत नव्हती. दुसरा हात चक्कीसाठी बाईंनी धरला. चार हात मध्ये, जात्यासारखी एक फेरी, आणि आबा एक घर खाली.

"वहिनी, माले सोडा!"

"मधमातीन कोनी बाहेर निंघत नही, भाऊ. वाट खालथीन शे."

मग काय! रांगेतल्या पोरींना तेवढंच पाहिजे होतं. एकीने दुसरीकडे दिलं, दुसरीने तिसरीकडे. टोपी सांभाळत आबा घर घर खाली सरकत गेले. पायांचं विचाराल तर चौथ्या फेरीला ते ठेक्यात पडू लागले होते, आणि हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते जास्तच चिडले. बाई समोर होत्याच, प्रत्येक फेरीला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. हात मोकळे कुठे होते?

सात फेऱ्या झाल्या आणि दोघं तळाला पोचली. आता एक फेरी बाहेर.

आबांना धाप लागली होती. "लोके दखी राह्यनात, वहिनी," ते कसेबसे म्हणाले.

"दखू द्या. तुम्हले बी दखी राह्यनात." बाईंनी श्वास घेतला. "भाऊ, तुमना भाऊ मना व्हता. त्यानं दुःख कसं करानं ते माले आठे कोनी शिकाडू नका. सात महिना बाहेर उभी व्हतू. मनी बाहेरनी एक फेरी व्हई गयी."

आबांनी फाटकाकडे पाहिलं. वाट मोकळी होती. तेवढ्यात भिंतीपाशी बसलेली यशोदाबाई उठली, गुडघ्यावर हात टेकत चालत आली आणि नवऱ्यासमोर तळहात पसरून उभी राहिली.

"तो रुमाल द्या."

"तुले कसाले?"

"आठ वरीसपाइन त्या भिंतपासून दखस मी. बठ्ठं पाठ शे माले."

आबा काही देईनात, तेव्हा तिने स्वतःच त्यांच्या खांद्यावरून रुमाल ओढून घेतला. पदर खोचला, रुमाल कमरेला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि बाईंसमोर, नानांच्या जागेवर उभी राहिली.

"अक्का, पहिला उजवा ना?"

"उजवा," बाई म्हणाल्या.

वरून जोडी खाली येतच होती. चार हात पुढे झाले. "फेरी झाली, आत!" बाई ओरडल्या, आणि दोघी जावा चक्कीत शिरल्या.

हिलाल आबांनी वाकडी झालेली टोपी सरळ केली. मग भिंतीपाशी गेले आणि बायकोच्या जागेवर बसले.