दुसऱ्याच चालीला राजा

टेलरबाईंचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा शिलाई मशीन सुटलं. बुद्धिबळ मात्र त्यांनी सोडलं नाही. मुलाला त्याचीच लाज. "सोंगट्या पाडतेस, लोक हसतात," म्हणायचा. शेवटी दोघांत ठरलं: या स्पर्धेत हात एकदा जरी चुकला, तर पट कायमचा माळ्यावर. बाईंनी हो म्हटलं. म्हणताना दातओठ खाल्ले, ते वेगळं.

पहिला डाव काळ्या सोंगट्यांनी नीट पार पडला. दुसऱ्याला पांढऱ्या सोंगट्या, समोर बँकेतला कॅशियर, आणि मुलगा मागच्या खुर्चीत पहाऱ्याला. दोघांनी राजापुढची प्यादी दोन-दोन घरं ढकलली. बाईंचा हात घोड्याकडे निघाला, वाटेत उडाला आणि बोटांत आला राजा.

नियम असा, की मुद्दाम धरलेली सोंगटी हलवावीच लागते. चुकून हात लागला तर माफ. आणि इतक्या लवकर राजा उघड्यावर काढणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. पंच भला माणूस. जवळ येऊन म्हणाले, "चुकून लागला ना हात, मावशी?"

"असू दे, माझी हरकत नाही," कॅशियरही म्हणाला.

नुसतं 'हो' म्हटलं की डाव वाचत होता. पण मागची खुर्ची करकरली. मुलगा कान टवकारून पुढे वाकला होता.

"चुकून कशाला लागेल?" बाई कडाडल्या. "माझी सुरुवातच अशी असते." आणि राजा एक घर पुढे ठेवला.

हॉलभर खसखस पिकली. बाईंना लाज वाटली, पण राग जास्त आला. त्या रागाच्या जोरावर त्यांनी डाव असा ताणला की कॅशियर सारखा चष्मा पुसत बसला. तरी हरल्या. हरायच्याच होत्या, राजा बिचारा डावभर उन्हातान्हात फिरत होता.

"चल घरी," मुलगा म्हणाला. "हात चुकला तुझा."

"डोळे तपासून घे. चाल होती ती माझी."

"असं? मग पुढच्या डावात कर बघू!"

पुढच्या डावालाही पांढऱ्याच सोंगट्या आल्या. प्यादी समोरासमोर उभी राहिली. समोरचा खेळाडू नवखा, डाव जिंकण्यासारखा होता आणि घोडा बाहेर यायला मोकळा होता. बाईंनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं, राजा उचलला आणि एक घर पुढे ठेवला.

"अगं आई, घोडा काढ की!" मुलगा ओरडला.

पंच गर्रकन वळले. "अहो, मागे गप्प बसा. चाल त्यांची आहे."

बाईंनी थरथरत्या बोटाने पटाशेजारच्या घड्याळाचं बटण दाबून चाल पक्की केली.