सगुणाबाईंचा आहेर

“नंबर? मी काय पलटणीतलं खेचर हाय व्हय, नंबर घालाया?” सगुणाबाईंनी हात लुगड्याच्या पदराखाली घेतला. मी सुई धरून तसाच उभा.

युद्धाचे दिवस. सांगलीच्या एका दवाखान्यात मी लॅबोरेटरी असिस्टंट होतो. पेशंट मला ‘रगतवाले’ म्हणत आणि मी ते पदवीसारखं मिरवत असे. सगुणाबाई माण तालुक्यातल्या. छातीत गाठ, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. गाठ कॅन्सरची असावी असा डॉक्टरसाहेबांचा अंदाज होता. मुंबईत या रोगावर संशोधन करणाऱ्यांना अशा गाठीचा तुकडा आणि ऑपरेशनआधीचं रक्त हवं होतं. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे मांस कुजू न देणाऱ्या झोंबऱ्या औषधात बुडवायचा. रक्ताचे थेंब काचपट्ट्यांवर पसरून वाळवायचे. दोन्हींवर फक्त नंबर. देणं न देणं बाईंच्या मर्जीवर. ऑपरेशन होणारच होतं.

“मावशी, नाव कशाला हवं? रोग तर तोच.”

“आवं रगतवाले, माजी आई ह्यानंच गेली. आता मी. लेक दिलीया माधवनगरात. उद्या मुंबईवाल्यास्नी औषीद गावलं, तर निरोप कुनाला धाडनार? नंबराला गाव असतं व्हय?”

मी साहेबांकडे गेलो.

“रूल म्हणजे रूल,” ते म्हणाले. “बरणीवर नाव जाणार नाही.”

“आपल्या रजिस्टरात लिहिलं तर, सर?”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “रजिस्टर तुमच्या ताब्यात असतं. मला कशाला विचारता?”

मी रजिस्टरात त्यांच्या सतरा नंबरापुढे सगळं लिहिलं: बाईंचं नाव, आई कशानं गेली, लेक अनसूया, माधवनगर, गिरणीची चाळ. वाचून दाखवलं. तरी हात पदराखालीच.

“लिवलं खरं, पर ऐकलं कुनी? लग्नात आहेर पुकारत्यात का न्हाई?”

पुकारायचं? अहो, गणपतीच्या नाटकात राजाचं काम दरसाल माझ्याकडे! मी स्टुलावर चढलो, ॲप्रन शेल्यासारखा सावरला आणि आवाज लावला, “माणच्या सगुणाबाईंचा मुंबईच्या डॉक्टरांना आहेर! एक गाठ, चार थेंब रक्त! लेक अनसूयेच्या नावानं होऽऽ!”

बायकांचा वॉर्ड खदखदून हसला. शेजारच्या खाटेवरची आष्ट्याची म्हातारी ओरडली, “आन परतीचा आहेर काय गं?”

“त्यो माज्या लेकीला मिळंल,” सगुणाबाई म्हणाल्या आणि हात पुढे केला. मी स्टुलावरून उतरून सुई लावली.

ऑपरेशन नीट झालं. भुशात बसवलेली बरणी रेल्वेनं मुंबईला गेली. दोन महिन्यांनी पत्र आलं: नमुना उत्तम, मात्र नंबर सतराच्या आईला किंवा बहिणीला हाच रोग होता का, ते कळवावं. साहेबांनी रजिस्टरासाठी हात पुढे केला. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक नमुन्यापुढे आई आणि लेक लिहिली जाते. नंबर घालावा, पण आधी गाव विचारावं, एवढं मी शिकलो.

सगुणाबाईंना पुढे तीन वर्षं मिळाली. अनसूया दरवर्षी तपासायला येते. अजून ठणठणीत आहे. जाताना विचारते, “आलं का काय मुंबईस्नं?”

“अजून नाही. पत्ता तोच ना?”

“त्योच.”

मी सतरा नंबरापुढे बरोबरची खूण करतो.