दोन ढिगांची रांग

निकिता ओव्हाळ म्हणजे आमच्या बेंचवरची मास्तरीण. २००९ची मंदी. हिंजवडीत प्रोजेक्ट नसलेल्यांना आमची आयटी कंपनी नुसतं बसवून ठेवायची, त्याला बेंच म्हणत. तिथे निकिताने आम्हा सगळ्यांना प्रोग्राममध्ये दोन ढिगांतून रांग कशी करायची ते शिकवलं, तेही कॅन्टीनच्या ताटांवर. ढिगात शेवटी ठेवलेलं ताट आधी निघतं. पण तो ढीग एकेक ताट काढून दुसरीकडे रचला, की आधी आलेलं ताट आधी हातात येतं. "मात्र दुसरा ढीग रिकामा झाल्याशिवाय त्यावर नवं रचायचं नाही," ती दटावायची, "नाहीतर मागून आलेले पुढे घुसतात."

तिचे वडील दशरथ वारले आणि त्याच आठवड्यात ती कामावर हजर. "अगं, सुतक?" कुणीतरी विचारलंच. पुण्यात चौकशी फुकट मिळते. "आम्ही बौद्ध. आमच्यात नसतं," ती म्हणाली. रडली नाही, डबाही उघडला नाही.

त्या दिवशी एका प्रोजेक्टसाठी मुलाखत होती. तिची शेवटची, हुकली तर राजीनामा. घर आता तिच्यावरच होतं.

तेव्हा उमेदवारांना एकाच खोलीत बसवत, म्हणून मीही तिथे होते. मुलाखत घेणाऱ्या ऋषीने नेमकी दोन ढिगांची रांगच विचारली. मी मनात म्हटलं, चला, सुटली बाई. निकिताने फळ्यावर भराभर प्रोग्राम लिहिला. दुसरा ढीग रिकामा आहे का, हे बघणारी ओळ तेवढी नव्हती.

"आतले संपायच्या आधीच नवे आले तर?" ऋषीने विचारलं.

"नवे आधी जातील."

"आणि जो आधीपासून थांबलाय तो?"

"तो थांबतो, सर. बाबा थांबलेच ना. आयसीयूतल्या बेडसाठी त्यांचाच नंबर पहिला होता. ओळखीवाले येत गेले, आत जात गेले." बाजारातले भाव सांगावेत तसं सांगितलं तिने.

ऋषी माणूस वाईट नव्हता. "एकच ओळ राहिलीये," तो म्हणाला, "वेळ घ्या, लिहा." निकिताने पेनाला टोपण लावलं आणि जागेवर येऊन बसली.

कंपनीच्या बसमध्ये मी तिच्यावर डाफरले. संतापच आला होता मला. "डोकं फिरलंय का तुझं? ती ओळ तूच तर आमच्याकडून घोकून घेतलीस."

"येत होती गं पायल," ती म्हणाली. "पण आधी आलेला आधी जातो, हे मला लिहवेना."