बोहारणीला दिलेली लुगडी

सुमे, हर्णैच्या बंदरावर मला नि पोरांना बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात बसवताना आई गुडघाभर पाण्यात उभी होती. तू वाळूत उभी राहून मुसमुसत होतीस. मी मात्र, खरं सांगते, आतून नुसती फुलून गेले होते. ह्यांना अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी लागून दोन खोल्या मिळाल्या होत्या. सासूचा धाक नाही, दिराची ऑर्डर नाही, माझा स्वतःचा संसार! आई एवढंच म्हणाली, "गेलीस तरी बाळंतपणाला इथंच यायचं हो." मी हो म्हटलं. बंडू नि शोभा झाले होते, तिसऱ्याचा विचार कोण करतंय!

तुम्ही गावाकडे कोंबडा आरवला की उठता, आम्ही इथे भोंग्यावर उठायचो. महिन्याभरात मी स्टोव्हला पिन मारायला शिकले, रेशनच्या रांगेत भांडायलाही शिकले. आणि एके दिवशी दारावर बोहारीण आली. मी ट्रंकेतली सगळी जुनी लुगडी, आईनं दिलेली दोन धरून, तिच्यापुढे टाकली आणि घासाघीस करकरून जर्मनचं हे एवढं मोठं पातेलं घेतलं. आठवडाभर मी ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते.

पुढच्या वर्षी दिवस गेले. आषाढात दिवस भरणार होते. आईचे निरोपावर निरोप, पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्या आत निघून ये, तिथे परक्या मुलखात तुझं कोण आहे? तिचं चूक नव्हतं गं. पण बंडू जन्मला तेव्हा हे मुंबईत, शोभाच्या वेळीही तेच. दोन्ही पोरं ह्यांनी पाहिली ती रांगायला लागल्यावर! हे तिसरं मला माझ्या घरात हवं होतं, बापाच्या डोळ्यांसमोर. मी गेले नाही. शेवटची बोट गेली आणि मग मात्र मी बोटांवर दिवस मोजायला लागले.

नववा लागला नि माझ्या ध्यानात आलं, बाळाला गुंडाळणार कशात? बारशापर्यंत नवं कापड अंगाला लावायचं नाही, जुन्या लुगड्याचीच मऊ दुपटी नि बाळोती हवीत. आणि लुगडी तर बोहारणीच्या घरी! हे म्हणाले, "घे आता, पोराला पातेल्यातच निजव!" मी हसता हसता रडायलाच लागले.

आमच्याकडे पापड विकायला देवीबाई यायची, उल्हासनगरच्या कॅम्पातली सिंधी बाई. ओट्यावर पाणी प्यायला टेकता टेकता मैत्रीण झाली होती. तिला म्हटलं, जुनी कापडं असतील तर दे. ती कपाळाला हात लावून हसत सुटली. "अदी, पुराना कपडा हमसे मांगती है? हम तो बदन के कपडों में आए कराची से!" अदी म्हणजे बहीण. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांचं सगळं तिकडेच राहिलं, त्यांच्याकडे मी जुनं मागत होते!

त्याच आठवड्यात देवीबाई टांग्यातून उतरली ती भलंमोठं बोचकं घेऊन, सोबत तिच्या बराकीतल्या दोघी. विरलेल्या ओढण्या, चादरी, कुणाची सलवार, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ. "ये सब इधर आके लिया, इधर ही पुराना हुआ," ती म्हणाली. मग काय, जमिनीवर फतकल मारून शिवायला बसलो. त्यांना गोधडीवर रंगीत तुकड्यांची नक्षी हवी, मला सरळ धावदोरा. तिघी मिळून माझ्या टाक्यांना नावं ठेवत होत्या. काय हसलो गं त्या दिवशी! पोटातलं बाळही लाथा मारत होतं.

आषाढ लागला नि एका भरदुपारी कळा सुरू झाल्या. शेजारणीनं सुईण आणली, देवीबाईनं माझा हात धरून ठेवला. मुलगी झाली, वसू. हे कारखान्यातून धावत आले. नक्षीच्या गोधडीतलं ते बोचकं हातात घेतलं आणि बघतच राहिले. दोन पोरांचा बाप तो, पण मला हळूच विचारतो, "एवढुशी असतात होय गं?" सुमे, त्या क्षणी आईचं न ऐकल्याचं सार्थक झालं.

वसू पुढे लग्न होऊन पुण्याला गेली. पहिलटकरीण म्हणून सातव्या महिन्यात आली, तेव्हा मी दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आत येऊन तिनं चपला भिरकावल्या, जमिनीवर पाय पसरले नि म्हणाली, "हुश्श! आले बाई एकदाची माहेरी!" माहेर म्हटलं की माझं मन इतकी वर्षं हर्णैला धावायचं. आणि इथे, या दोन खोल्यांत, मीच कुणाचं तरी माहेर होऊन बसले होते.