वबाशच्या पलीकडे

वबाश नदीच्या काठी ड्रुसिला हार्गिसचं आयुष्य गेलं, पण तिचं मन तिथे कधी रमलं नाही. तिचा बाप केंटकीहून बायकापोरं आणि एक बैलगाडी घेऊन पश्चिमेला निघाला होता. या काठावर त्याला हिवताप चढला, तो उतरलाच नाही. गाडी जिथे थांबली तिथेच राहिली. पुढे ड्रुसिलाने तराफा चालवणाऱ्या एनसशी लग्न केलं, तेही थोडं याच आशेने, की पलीकडच्या काठाशी नातं असलेला माणूस कधीतरी पलीकडे नेईल.

एनसला मात्र जायची गरजच वाटत नसे. "सगळं जग आपल्या दारातून जातं, ड्रू," तो म्हणे. "आपण कशाला त्याच्यामागे धावायचं?"

जग जात होतं खरं. वसंत लागला की गाड्यांची रीघ लागे. नवराबायको दोघं मिळून नदीवर आडवा बांधलेला रस्सा ओढत तराफा पलीकडे नेत आणि माणसं, गाई, पेट्या, पिंपं पार करत. गाडी काठाला लागली की ड्रुसिला हटकून विचारी, "तिकडे काय आहे?" कुणी म्हणे, काळी माती. कुणी म्हणे, दिवसभर नांगर धरा, दगड लागायचा नाही. गाडी दिसेनाशी झाली तरी ती तिथेच उभी राहायची. मग एनसची हाक यायची.

इकडे काठावर गाव वाढत होतं. दुकान आलं, चर्च आलं, गिरणीचं तयार कापड आलं आणि ड्रुसिलाच्या हातमागावर धूळ बसली. नवीन आलेल्या बायका तिच्या अनवाणी पायांकडे बघून हळूच हसत. तिला त्याचा राग येत नसे. तिला फक्त गुदमरायला व्हायचं.

जीव मोकळा व्हायचा तो अँजेलिकपाशी. अँजेलिक पोटावाटोमी, त्या मुलखातल्या मूळच्या जमातीची. नदीच्या वरच्या अंगाला तिच्या लोकांची वस्ती होती, मक्याची शेतं होती. फ्रेंच पाद्र्याने ठेवलेलं नाव ती अभिमानाने सांगायची. ड्रुसिलाची मुलगी हॅना तापाने फणफणली होती, तेव्हा अँजेलिकने रात्रंदिवस बसून तिला झाडाची साल उकळून पाजली होती. तेव्हापासून अँजेलिक मेपल झाडाच्या रसाची साखर घेऊन आली की दोघी काठावर बसून गप्पा मारत.

ड्रुसिलाने वर्षानुवर्षं कटकट केली आणि अखेर एनस वाकला. "पुढच्या वसंतात तराफा विकू," तो म्हणाला. "एकदाचं तुझं समाधान होऊ दे."

ड्रुसिला धावत अँजेलिककडे गेली. अँजेलिक टोपली विणत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, पण मान वर केली नाही.

"बरं आहे," ती म्हणाली. "आम्हालाही तिकडेच न्यायचं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"जमिनीच्या कागदावर अंगठे घेऊन गेले ते सरकारी लोक. माझ्या नवऱ्याने दिला नव्हता. दुसऱ्या कुणी दिला, तोच सगळ्यांचा धरला."

ड्रुसिलाला वाटलं, बोलण्याच्या गोष्टी आहेत, कोण कशाला इतक्या माणसांना हलवतंय. पण मका कापणीला आला त्या सुमारास शिपाई वस्तीवाल्यांना घेऊन काठावर आले. ऊन रणरणत होतं. म्हातारी माणसं गाड्यांत आडवी, पोरं धुळीने पांढरी. घोड्यावरच्या अधिकाऱ्याने तराफा मागितला.

"मी रस्सा ओढणार नाही," ड्रुसिला म्हणाली.

"नका ओढू, बाई," तो शांतपणे म्हणाला. "माझी माणसं ओढतील."

एनसने तिच्याकडे पाहिलं. मधल्या धारेला तराफा कसा तिरका होतो ते दोघांनाच ठाऊक होतं. इतक्यात गर्दीतून अँजेलिक पुढे आली. तिच्या कडेवर नातू होता.

"तूच ओढ," ती म्हणाली. "त्यांच्या हातांवर माझा भरवसा नाही."

ड्रुसिलाने रस्सा धरला. दिवस मावळेपर्यंत फेऱ्या चालल्या. घरात होत्या तेवढ्या मक्याच्या भाकरी हॅना पोरांना वाटत होती. शेवटच्या फेरीत अँजेलिक चढली. पलीकडे उतरल्यावर तिने ड्रुसिलाचे सोललेले तळवे पाहिले, त्यांवरून बोट फिरवलं.

"मातीचं मला नको सांगू," ती म्हणाली. "पाणी कुठे आहे, एवढं कुणी सांगितलं तर बरं होईल."

ड्रुसिलाला ते माहीत नव्हतं. आजवर तिने कुणालाच ते विचारलं नव्हतं.

थंडी पडायच्या आत वस्तीच्या रिकाम्या शेतांत मोजणीच्या खुंट्या ठोकल्या गेल्या. एनस एके दिवशी खुशीत घरी आला. "आता लांब जायलाच नको. वरची काळी माती विकायला निघालीय. मका अजून उभा आहे बघ."

"तो मका कुणी पेरला?"

"ड्रू, आपण नाही घेतली तर दुसरं कुणी घेईल."

"घेऊ दे. मी अँजेलिकच्या चुलीवर स्वयंपाक करणार नाही."

"मग वसंतात निघू, ठरलं तसं."

यावरही ती हो म्हणाली नाही. घरात बसवेना आणि जाववेना. बांधलेल्या पेट्या ती सोडायची, पुन्हा बांधायची. एनस चिडला, "वीस वर्षं डोकं खाल्लंस आणि आता हे?" वरची जमीन दुकानदाराने घेतली. हार्गिस नवराबायको तराफ्यावरच राहिले. एनस वारला आणि नदीवर पूल झाला, तोवर ड्रुसिलाचे केस पांढरे झाले होते.

मग ती एकटीच निघाली. हॅना आयोवात नांदत होती, पण ड्रुसिला आधी तिथे गेली नाही. विचारत विचारत ती मिसूरी नदीपलीकडच्या पोटावाटोमी वस्तीत पोचली. अँजेलिक पहिल्याच हिवाळ्यात वारली होती. तिची मुलगी मानी भेटली. तिने म्हातारीला नीट न्याहाळलं.

"तुम्ही तराफावाल्या."

"हो."

"इतक्या लांब कशाला आलात?"

"तुझ्या आईला भेटायला."

मानीने दारातली बादली उचलून तिच्या हातात दिली. "ओढा त्या झाडांच्या मागे आहे. अंधार पडायच्या आत या."

ड्रुसिला पाणी घेऊन आली. त्या कापणीत ती तिथेच राहिली. मग हॅनाचा नवरा गाडी घेऊन तिला न्यायला आला. निघताना मानीने दुसरीकडे बघतच मेपलच्या साखरेचा एक खडा तिच्या हातात ठेवला, आणि ती कामाला वळली.