खाजकुइलीचा सदरा

माझ्या बापाला ज्यानं मारलं, त्याच्या बाप्तिस्म्याचा सदरा मी माझ्या हातानं शिवला. आता बोला!

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. तामलवाडीच्या अलीकडं आमचं गाव, आणि गावाबाहेर आमची वस्ती. निम्म्याहून जास्त घरं ख्रिस्ती झालेली, तरी देशमुखाची वेठ काही सुटली नव्हती. बाप तापानं फणफणलेला असताना देशमुखाच्या मुकादमानं त्याला कडबा वाहायला नेलं. दुसऱ्या फेरीला बाप खाली बसला, तर या मेल्यानं त्याला चाबकानं सोलून काढलं. तिसऱ्या दिवशी बाप गेला. पोलीस अमीन आला, देशमुखाकडं जेवला आणि 'तापानं मेला' असं लिहून गेला. मी तेव्हा चौदा वर्षांची. त्या दिवसापासून प्रार्थनेत मी एकच मागायची, देवा, त्याचं वाटोळं कर.

देवानं ऐकलंही. चार वर्षांत मुकादमाचा पाय सडला. देशमुखानं हाकलला, घरच्यांनी गोठ्यात टाकला. त्या दिवशी मी आनंदानं गूळ खाल्ला. पण आमच्याच चर्चचे पाळकसाहेब त्याला बैलगाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेले. पाय वाचला, आणि वर्षभरानं हा बाबा काठी टेकत आमच्या देवळात येऊन म्हणाला, "मला बी प्रभूचा करा."

पाळकसाहेब नेहमी सांगत, नीतिमत्त्व कमावता येत नाही, देव ते फुकट अंगावर घालतो. म्हणून आमच्या मंडळीत रीत होती. बाप्तिस्मा घेणाऱ्यानं आपला कपडा आणायचा नाही. मंडळीतल्या एका घरानं पांढरा सदरा शिवायचा आणि तो माणूस पाण्यातून वर आला की त्याच घरातल्या मोठ्या माणसानं सदरा त्याच्या अंगात घालायचा. घरं पाळीनं ठरलेली. आणि पाळी आली आमची.

"दुसरं घर बघा," मी पाळकसाहेबांना तोंडावर सांगितलं. "त्याला आधी फासावर जाऊ द्या."

"पोरी, त्याच्यासाठी कुणीतरी आधीच क्रुसावर मेलंय," ते म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाप आमचा गेला, आणि हा फुकटात धुऊन निघणार? आईनं मात्र कापड घेतलं.

सदरा मी बारीक टाक्यांनी शिवला. मग ओढ्याच्या कुपाटीवरच्या खाजकुइलीच्या शेंगा चिमट्यानं तोडून आणल्या आणि त्यांची कुसळं सदऱ्याला आतून, गळ्याला, काखेत, पाठीवर चांगली घासली. सगळ्या मंडळीसमोर त्याला माकडासारखा नाचवायचा होता मला. रागाच्या भरात एक गोष्ट डोक्यातच आली नाही. घरातलं मोठं माणूस म्हणजे आई.

बाप्तिस्म्याच्या दिवशी मुकादम ओढ्यातून वर आला. आईनं सदरा हातात घेतला. तिचे तळवे बघता बघता लाल झाले. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग सदरा झटकून त्याच्या डोक्यावरून खाली ओढला.

मुकादम नाचला नाही. मान लालभडक, अंगावर गांधी उठलेल्या, डोळ्यांतून पाणी, तरी उपासना संपेपर्यंत काठी धरून उभा. एकदाही खाजवलं नाही. मंडळीला वाटलं, पश्चात्तापानं रडतोय. अरे, नाच की मुडद्या!

घरी आईच्या हातांना शेण चोळताना मला रडू आलं. ती म्हणाली, "रडतीस कशाला? खाजकुइली कमीच घातलीस." सकाळ-संध्याकाळ गुडघे टेकणारी माझी आई!

तिसऱ्या प्रहरी तो दारात आला. अंगात तोच सदरा.

"बाई, हात लई सुजलं का?" त्यानं आईला विचारलं. एरवी तिला 'ए' म्हणून हाक मारणारा माणूस.

"तुला कळलं व्हतं?" मी ओरडले.

"रानात जन्म गेला माजा. खाजकुइली वळखत न्हाय व्हय? तुज्या आईनं झटकला तवाच कळलं."

"मग घातलास कशाला?"

"तुमच्या घरचा व्हता. न्हाय म्हणायला मला तोंड कुठंय?"

त्याच्या मानेवर रक्त आलं होतं. इतकी वर्षं हेच तर मागत होते मी. आणि खरं सांगते, पुरलं नाही. चाबकानं सोलला असता, फासावर चढवला असता, तरी पुरलं नसतं. त्यानं फेडून फिटण्यातलं ते नव्हतंच. पाळकसाहेब घसा फोडून जे सांगत होते ते मला तिथं कळलं, आणि कळलं म्हणून आणखीच संताप आला.

"चालता हो," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. सतरंजीवर पुरुषांच्या ओळीत शेवटी तो, आणि त्याच्या लगेच नंतर बायकांच्या ओळीत पहिली मी. भाकरीच्या तुकड्यांचं ताट हातोहात यायचं. त्याआधी डोळे मिटून आपापलं पाप आठवायचं. दरवेळी मी त्याचंच आठवायची. त्या दिवशी आईचे फोड आलेले तळवे दिसले, आणि मी डोळे मिटून बसूच शकले नाही.

ताट त्यानं माझ्याकडं सरकवलं. त्याला मी माफ केलं नव्हतं. आजही पुरतं केलेलं नाही. पण त्याच्या हातातल्या ताटातला तुकडा मी उचलला. आता मलाही तो लागत होता.