चित्राखाली काय लिवलं हाय?

चित्रकार्डांचा संच जुना झाला की कार्डं हरवत जातात. किस्से मात्र साठतच जातात! मी राजुऱ्याची. नोकरी धानोऱ्याकडच्या एका गावात, पहिलीचा वर्ग. काम एवढंच, चित्र दाखवायचं आणि खालचा शब्द वाचून घ्यायचा. एवढंच!

पहिल्याच आठवड्यात कुत्र्याचं कार्ड दाखवलं. "हा कुत्रा आहे ना?"

सगळा वर्ग ओरडला, "नई!"

"अरे, नीट पाहा. कुत्राच हाय."

"नई! नई!"

खिचडी शिजवणाऱ्या ताराबाई हसत आत आल्या. "बाई, पोट्टे बरोबर सांगून राह्यले. गोंडीत कुत्र्याले नईच म्हणतेत!"

मग वर्गातल्या पोरांकडेच माझी गोंडीची शिकवणी सुरू झाली.

*

अननस वर्गात कोणीच पाहिलेला नव्हता. रमेशनं कार्ड बराच वेळ निरखलं.

"सीताफळ हाय बाई. फक्त याची कटिंग राह्यली!"

*

मंगेश सगळी कार्डं धडाधड वाचायचा, पण 'वाघ' आला की तोंड बंद. मला वाटलं, 'घ' अडतोय. आठवडाभर 'घ' गिरवून घेतला. शेवटी मंगेशच वैतागून माझ्या कानाशी आला.

"वाचता येते मले. पण नाव घेतलं का तो येते ना!"

खिडकीतून जंगल दिसत होतं. मी गुपचूप कार्ड उलटं ठेवलं.

*

घराचं कार्ड म्हणजे लाल कौलं, काचेच्या खिडक्या, पुढं फुलझाडं. खाली ठळक 'घर'. वर्गानं एका सुरात वाचलं, "क्वाटर!"

"काऊन रे?"

"असं तं फॉरेस्टच्या सायबाचंच रायते!"

*

वर्गात आम्ही वस्तूंवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवतो. दार, फळा, माठ. 'आई', 'बाबा' लिहिलेल्या मात्र टेबलावरच पडून राहतात. सुनीताची आई मिरची तोडायला तेलंगणात गेली होती. दोन महिने पोरगी बोललीच नाही. चिठ्ठी दिली की नुसती मुठीत धरून बसायची.

एका दुपारी तिची आई बसमधून उतरली ती थेट वर्गाच्या दारात. डोक्यावर गाठोडं तसंच.

सुनीता धावली नाही. टेबलापाशी गेली, चिठ्ठ्या उपसून 'आई' लिहिलेली शोधली, तिला खिचडीच्या ताटातलं शीत लावलं आणि आईच्या पदरावर दाबून चिकटवली.

आईला वाचता येत नव्हतं. "काय लिवलं व याच्यावर?"

सुनीतानं एकेका अक्षरावर बोट ठेवलं.

"तू!"